तारलीसाठी टेबलक्लॉथ

पाणी माझ्या कमरेला लागलं तेव्हा तो मागे वाळूवर उभा राहून टेबलक्लॉथची घडी घालत होता. कोपऱ्याला कोपरा जुळवून, मधली दुमड बोटांनी दाबून, अगदी सावकाश.

मी किनाऱ्याकडे पुढे निघाले होते. डोक्यावर कालवणाचं रिकामं पातेलं, हातात ताटांची पिशवी. येताना आम्ही जो चर घोटाभर पाण्यातून ओलांडला होता, त्यात आता मी कमरेपर्यंत होते आणि पाणी पाय ओढत होतं. माझ्या मागे पुण्याचे पाहुणे. नवरा, बायको, त्यांची आठेक वर्षांची मुलगी आणि बायकोचे वडील. वडिलांची काठी चिखलात रुतली होती आणि ते ती सोडायला तयार नव्हते.

"भावजी," मी ओरडले, "पानी चढलंय."

"वेळ आहे, वयनी," तो म्हणाला. "आत्ताच तर वळलंय. लोकांना घाबरवू नका."

आणि त्याने घडी उलटी केली.

गावात त्याला कप्तान म्हणत. तो कप्तान नव्हता. मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. तीस वर्षं त्याने साहेब लोकांना जेवायला वाढलं आणि मग आमच्या कुंपणाला लागून असलेल्या आपल्या बापाच्या घरात येऊन राहिला. लग्न केलं नव्हतं. कप्तान म्हटलं की तो नाही म्हणायचा नाही आणि हो म्हणायचा नाही. फक्त शर्टाचं वरचं बटण लावायचा.

माझ्या नवऱ्याच्या शाळेतला, म्हणून मी त्याला भावजी म्हणायची. तो मला वयनी. आम्ही हिंदू, तो ख्रिश्चन, पण विहीर एकच होती, त्यामुळे भांडणंही रोजची होती.

बोट एकदा लिस्बनला लागली होती. संध्याकाळपर्यंत सुट्टी मिळाली. तो एकटा फिरत एका गल्लीत गेला, तिथे फुटपाथवर टेबलं मांडली होती. त्याने मासे मागवले. आले ते बघितले तर तारली. आपली तारली, जी इथे पाटीत शेवटपर्यंत राहते, कोळीण शेवटी मांजरांना टाकते ती. तिथे ती निखाऱ्यावर भाजून, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, पाव आणि वाइनबरोबर देत होते आणि लांबलांबून आलेले लोक ती खाऊन समुद्र बघत बसले होते.

एवढीच गोष्ट. ती मी किती वेळा ऐकली सांगता येणार नाही. आधी तो एक मासा खायचा, पुढे तीन खायला लागला, शेवटी शेवटी तर दुकानाच्या मालकाने त्याला मिठी मारली. मी म्हटलं, "भावजी, गेल्या वर्षी मालक नव्हता." तो म्हणाला, "होता. मी सांगितला नव्हता."

त्या एका दुपारवरून त्याने ठरवलं की आपली वसई म्हणजे तेच शहर. बांधणारे पोर्तुगीज तेच, समुद्र तोच, पाव तोच, तारली तीच. कमी आहे ती टेबलक्लॉथची.

आणि टेबलक्लॉथ त्याच्याकडे होता. बोट भंगारात निघाली तेव्हा साहेबांच्या जेवणघरातून त्याने तो मागून घेतला होता. बारा माणसांच्या टेबलाचा, जाड सुती, कडेला निळी रेघ. धुवायला कोण, तर मी. दर सोमवारी विहिरीवर बसायचं, हळदीचे डाग घासायचे, नीळ घालायची आणि दोन माडांमध्ये वाळत टाकायचा. तो कुंपणापलीकडून बघत राहायचा. "वयनी, त्या कोपऱ्यात पिवळं दिसतंय." मी म्हणायची, "दिसू दे. पोर्तुगीज हळद आहे."

नवरा गेल्यावर दुसऱ्या वर्षी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मी मुंबई-पुण्याचे लोक आणणार. पोर्तुगीज शहर बघायला. किल्ला मी दाखवीन, वाइन माझी, समुद्र देवाचा. जेवण तुमचं."

"मला पोर्तुगीज येत नाही," मी म्हटलं.

"जे येतं तेच करा."

मग मी जे येत होतं तेच केलं. बोंबलाचं कालवण, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, आणि त्याच्या हट्टाखातर निखाऱ्यावर भाजलेली तारली. डुक्कर करणार नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्याने मान्य केलं. पाहुण्यांसमोर ताट आलं की तो मागे हात बांधून उभा राहायचा आणि सांगायचा, हे पोर्तुगीज पद्धतीचं कालवण. माझ्या सासूने मला शिव्या देत शिकवलेलं कालवण ते. सासू जिवंत असती तर त्याला तिथेच पळी मारली असती.

मी एकदा विचारलं, "बिरडं कुठून पोर्तुगीज झालं?"

"मिरची कोनी आनली?"

"त्यांनी, तुम्हीच सांगता."

"बटाटा? पाव? काजू?"

"बिरड्यात काजू नसतात, भावजी."

"घाला," तो म्हणाला.

वाइन तो काळ्या द्राक्षांची करायचा. भरणीत द्राक्षं, साखर, मूठभर गहू, आणि तोंडाला फडकं. त्याच्या घरावर पत्रा, उन्हाने वाइन बिघडायची, म्हणून भरण्या माझ्या माजघरात. माझ्या देवघराच्या भिंतीला लागून. मुलगा बोळिंजहून आला की नाक मुरडायचा. सातिवलीला कारखान्यात सुपरवायझर आहे तो, बोळिंजला फ्लॅट घेतलाय, आईच्या घरात दारूच्या भरण्या आहेत हे त्याला बरं दिसत नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू ये आणि पाडव्याला घर झाडून जा, मग बोल.

किल्ल्यात तो लोकांना सकाळी न्यायचा आणि काही खाऊ द्यायचा नाही. पाणी प्यायला द्यायचा. बिस्किटाचा पुडा कोणी काढला की हात पुढे करून घ्यायचा आणि आपल्या पिशवीत टाकायचा. "भूक लागल्याशिवाय हे शहर दिसत नाही," म्हणायचा. मी दोनदा त्याच्याबरोबर गेले, तिसऱ्यांदा गेले नाही. तिथे जे आहे ते तो दाखवायचाच नाही. चर्चची भिंत उभी आहे, तिच्याकडे पाठ करायचा आणि समोरच्या रानात बोट दाखवायचा. इथे बेकरी होती. इथे वाइनचं दुकान. इथे मासेबाजार, आणि या दगडावर तारली. एका बाईंनी विचारलं, बेकरी इथेच होती हे कशावरून? त्याने भिंतीवरची काजळी दाखवली. ती काजळी कुठली हे मला माहीत होतं. आदल्या महिन्यात कॉलेजच्या पोरांनी तिथे चूल मांडून बिर्याणी केली होती आणि पावसाने भिजलेलं लाकूड लावलं होतं. बाई भिंतीचा वास घेत होत्या.

त्याचं मोठं काम म्हणजे वाळूवरचं जेवण.

आमच्या गावामागे समुद्रात थोडं आत वाळूचा एक उंचवटा आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. किनारा आणि तो यांच्यामध्ये एक चर आहे. भरती लागली की आधी तो चर भरतो, वाळू बराच वेळ कोरडी राहते, त्यामुळे वाळूवर बसलेल्या माणसाला मागे काय झालं ते कळत नाही. गावातलं पोरगंसुद्धा हे जाणतं. दुपारी जेवणाच्या वेळेला ओहोटी असेल अशा रविवारी तो पाहुण्यांना तिथे न्यायचा, टेबलक्लॉथ पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार शहाळी ठेवायचा आणि चारी बाजूंनी समुद्र असताना त्यांना जेवायला घालायचा. खरं सांगते, दिसायला चांगलं दिसायचं. पातेली वाहून न्यावी लागायची म्हणून मला आवडायचं नाही.

स्वतः तो कधी पाण्यात गेला नाही. चर ओलांडायचा तो पॅन्ट दुमडून, सँडल घालून, घाईघाईने. मला वाटायचं बोटीवर राहून त्याला पाण्याचा कंटाळा आला असेल.

भरतीओहोटी तो तिथीवरून काढायचा, जुनी माणसं काढायची तशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मोबाइलवर कोणी बघितलं की चिडायचा. "तो मुंबईचं पानी सांगतो, आपलं नाही." पण तिथी त्याच्याकडे नव्हती. त्याच्या घरात चर्चचं कॅलेंडर, त्यात संतांचे दिवस. म्हणून रोज सकाळी कुंपणाशी यायचा. "वयनी, आज कितवी?" मी सांगायची षष्ठी, सप्तमी, जे असेल ते. तो बोटांवर हिशेब करायचा आणि चर्चमध्ये मिस्साला जायचा. किती वर्षं हे चाललं. तिथी मी सांगायची, पाणी तो सांगायचा.

त्या आठवड्यात मी घरी नव्हते. मुलगा हट्ट करून बोळिंजला घेऊन गेला होता, आई आता एकटी राहू नको, इथेच राहा, लिफ्ट आहे. तीन दिवस मी लिफ्टमधून खालीवर केलं. एकादशीचा उपास तिथेच केला. रविवारी सकाळी सुनेने वरणभात केला, मी उपास सोडला आणि रिक्षाने गावी, वटारला परत आले, कारण पुण्याचे पाहुणे यायचे होते आणि मी त्याला हो म्हटलं होतं. आल्यावर चूल पेटवली, मासे साफ केले. तिथी विचारायला तो आला नाही. माझ्या लक्षातही आलं नाही. दमले होते.

मी नव्हते म्हणून त्याने माझ्या पडवीतल्या खिडकीतून कॅलेंडर वाचलं होतं. शुक्रवारच्या चौकटीत एकादशी. त्याने ती धरली आणि पुढे बोटांवर मोजत गेला. शनिवारच्या चौकटीतही एकादशी छापलेली होती, ती त्याने बघितली नाही. कधी कधी अशा दोन येतात, स्मार्तांची पहिली आणि भागवतांची दुसरी. आमच्याकडे दुसरी धरतात. तिथीपुरतं बोलायचं तर त्या वेळी दुसरीच धरायला हवी होती. पण ख्रिश्चन माणसाला हे कोण सांगणार? रोज मी नुसती तिथी सांगायची, कशी ते कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. एका तिथीने पाऊण तासाचा फरक पडतो, त्याच्या हिशेबापेक्षा पाणी तेवढं आधी वळणार होतं.

आता परत पाण्याकडे येते.

मी चरातून मागे वळले, पाहुण्यांनाही मागे वळवलं, पातेलं सोडून दिलं, ते तरंगत गेलं. वाळूवर येऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"आज कितवी धरलीत?"

"तेरस."

"आज बारस आहे."

"शुक्रवारी एकादशी होती. मी स्वतः वाचली."

"ती पहिली. उपास दुसरीला असतो. मी आज सकाळी सोडला."

त्याने बोटांकडे बघितलं. अंगठा पेरांवरून सरकवला, परत मागे आणला. मग चराकडे बघितलं. घडी घातलेला टेबलक्लॉथ त्याच्या हातातून वाळूवर पडला आणि त्याने तो उचलला नाही, त्यावरून मला कळलं की त्याला कळलं.

"इथेच थांबू," तो म्हणाला. "कोनीतरी बघेल."

"बघेपर्यंत वाळू राहनार नाही."

"मला पोहता येत नाही, वयनी."

तीस वर्षं बोटीवर. मी म्हटलं, "मला तरी कुठे येतं?"

पुण्याच्या माणसाला थोडं येत होतं, सोसायटीच्या तलावातलं. त्याची बायको रडत नव्हती, पण मुलीचा दंड तिने इतका घट्ट धरला होता की मुलगी रडत होती. वडील काठी शोधत होते. काठी गेली होती.

"ते कापड द्या," मी म्हटलं.

"ओलं होईल," तो म्हणाला.

आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने कापड दिलं.

आम्ही ते पिळून दोरासारखं केलं. बारा माणसांच्या टेबलाचं कापड, तिरपं धरलं तर बरंच लांब होतं. पुण्याच्या माणसाने मुलीला खांद्यावर घेतलं, एक टोक मनगटाला गुंडाळलं आणि चरात उतरला. पाणी त्याच्या छातीला लागलं. मधे एकदा तो वाहतो की काय असं झालं, मुलीचा हात त्याच्या डोळ्यांवर होता. कापड ताणलं, मग ढिलं झालं, मग तो पलीकडे उथळ पाण्यात उभा राहिला. मुलीला किनाऱ्याकडे पळायला सांगून तो परत वळला आणि टोक धरून राहिला.

या बाजूचं टोक कोणीतरी धरायला हवं होतं. जो धरणार तो शेवटी येणार, आणि त्याच्यासाठी मागून धरायला कोणी नसणार. मी म्हातारी, वडील म्हातारे, बायको घाबरलेली. यावर काही चर्चा झाली नाही. त्याने टोक घेतलं आणि सँडल वाळूत रोवून उभा राहिला.

बायको गेली. मग वडील आणि मी एकत्र. वडील वजनाने जड होते आणि सारखं सॉरी म्हणत होते. मी त्यांना म्हटलं, तोंड बंद ठेवा, पाणी जाईल. पाणी माझ्या गळ्याला लागलं होतं. लुगडं पायात गुंतत होतं. एका हाताने कापड आणि एका हाताने त्यांचा पट्टा धरून मी पलीकडे कशी आले ते मला नीट आठवत नाही. कापडाला हळदीचा वास येत होता, तेवढं आठवतं.

मागे बघितलं तर तो वाळूवर एकटा. वाळू आता ताटाएवढी राहिली होती. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"ये," मी ओरडले.

तो आला. उतरला, दोन पावलं नीट टाकली आणि तिसऱ्याला पाण्याखाली गेला. कापड मात्र सोडलं नाही. आम्ही चौघांनी ओढलं. वडीलसुद्धा ओढत होते. जाळं ओढतात तसं ओढलं आणि तो उताणा, तोंडातून पाणी काढत, एका पायात सँडल असा बाहेर आला. बराच वेळ खोकला. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बारस."

"हो," मी म्हटलं. "बारस."

पाहुण्यांना माझ्या घरी नेलं, विहिरीवर आंघोळी केल्या, मुलाचे जुने शर्ट दिले. काही दिवसांनी त्यांनी मोबाइलवर आमच्याबद्दल लिहिलं, ते सुनेने वाचून दाखवलं. जेवण उत्तम, वाइन घरगुती, समुद्र फारच जवळ.

त्यानंतर त्याने पाहुणे आणणं बंद केलं. टेबलक्लॉथ मी धुतला, पण मधे तो ताणून विरला होता आणि चिखलाचा रंग काही गेला नाही. त्याने परत मागितला नाही. शेवटची भरणी आम्ही दोघांनी नाताळात संपवली. मी फक्त चव घेतली, आंबट होती.

दुपारी तो आता पडवीत बसायचा. पण सकाळी कुंपणाशी येणं चालू राहिलं. कुठे जायचं नाही, कोणाला न्यायचं नाही, तरी विचारायचा, "आज कितवी?" आणि आता पुढे विचारायचा, "आपली की त्यांची?" मी दोन्ही सांगायची. दोन वर्षांनी साखरेने त्याचा पाय गेला, मग कुंपणापर्यंतही येणं संपलं. मी त्याच्या खिडकीशी जायची. शेवटच्या आठवड्यात एकदा मी अष्टमी सांगितली, तर म्हणाला, "भांगाचं पानी. फार वर येत नाही, फार खाली जात नाही. बरं असतं." दोन दिवसांनी तो घरी, आपल्या खाटेवर गेला. फादर येऊन गेले होते. चार कोळणी आणि मी, एवढ्या बायका मातीला होतो.

हे सगळं लिहायला बसण्याचं माझं वय नाही. पण आता दर रविवारी गळ्यात भोंगा अडकवलेला एक तरुण गाडी भरून लोक आणतो. पोर्तुगीज शहर, जेवण, वाइन, समुद्र, सगळं तेच. जेवण हॉटेलात देतो. संध्याकाळी माझ्या कुंपणामागच्या वाटेवर उभा राहून तो लोकांना समुद्राकडे बोट दाखवतो आणि सांगतो की इथे एक म्हातारा कप्तान होता, पाहुण्यांना वाचवताना तो हातात वाइनची बाटली घेऊन या समुद्रात बुडाला. लोक फोटो काढतात. मी एकदा पडवीतून ओरडून सांगितलं, बुडाला नाही. तो हसला आणि भोंग्यातून म्हणाला, "आजी इथल्याच आहेत."

म्हणून लिहून ठेवते. त्या दिवशी पाण्यात सहा माणसं होती. आधी बाप आणि मुलगी बाहेर आली, मग आई, मग आजोबा आणि मी, शेवटी तो. सहाही जण जिवंत राहिलो.